आटवलेलं तळं

म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या आतनं साप काढला आणि आमच्या दोघांच्या मधी जमिनीवर सोडला.

मी उडी मारून लाकडाच्या पेटीवर चढलो. म्हाताऱ्याची सून असुन्ता चुलीपाशी उभी होती, ती तोंडाला पदरासारखा रुमाल लावून खिदळायला लागली. म्हातारा मात्र हसत नव्हता. तो नाईकाकडं बघत होता.

आमच्या पलटणीतला नाईक केरबा नलवडे जागचा हलला नाही. साप चांगला वावभर लांब, पिवळसर, डोक्यापासनं शेपटीपर्यंत काळ्या रेघा. नाईक खाली वाकला, उजवा हात त्याच्या पोटाखाली सरकवला, धरला असा नाहीच, नुसता आधार दिला. साप मनगटावर चढला आणि निवांत कोपराकडं निघाला.

"धामणीच्या जातीतला दिसतोय," नाईक म्हणाला. "बिनविषारी. सिदू, आबाला सांग, असला आमच्या शिराळ्याला पोरं गळ्यात घालून हिंडत्यात. आणि तू खाली उतर. माणदेशचं नाव घालवलंस."

"आमच्यात साप दिसला की काठी घेत्यात," मी म्हणलं.

"म्हणून तर तुमच्यात पाऊस पडत न्हाई."

मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याला मराठी येत नव्हतं आणि नाईकाला इटालियन. मला दोन्ही यायचं, म्हणजे इटालियन आपलं कामापुरतं. शाळेत मला काही आलं नाही. पाचवीत मास्तरच्या अंगावर पाटी फेकली, तिथंच शाळा संपली, आणि वय वाढवून सांगून इंग्रजांच्या पलटणीत भरती झालो. आफ्रिकेच्या वाळवंटात आमची अख्खी कंपनी जर्मनांच्या हातात सापडली. त्यांनी आम्हाला इटालियनांकडं दिलं आणि इटालियनांनी ह्या डोंगरातल्या कॅम्पात आणून कोंडलं. तिथं पहारेकऱ्यांच्या शिव्या ऐकून ऐकून भाषा आली. आधी शिव्या, मग भाकरी, पाणी, मग बाकीचं.

म्हाताऱ्याचं नाव सिल्व्हेस्त्रो. मी सांगितलेलं ऐकल्यावर त्यानं टोपी काढली, साप नाईकाच्या हातावर तसाच ठेवून तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि असुन्ताला म्हणाला, "दोघांना जेवायला वाढ. हे इथं राहतील."

तोवर आम्ही चार रात्री रानात काढल्या होत्या. त्रेचाळीसच्या सप्टेंबरात इटलीनं शस्त्रं खाली ठेवली, कॅम्पाचे पहारेकरी वर्दी टाकून आपापल्या घरी पळाले, आणि जर्मन यायच्या आत आम्ही तारा वाकवून डोंगर गाठला. सगळे पांगले. मी नाईकाच्या मागं मागं. जर्मनांनी खाली गावागावांत कागद चिकटवले होते, कैदी लपवणाऱ्याचं घर जाळू आणि माणसाला गोळी घालू. म्हाताऱ्याचं घर गावाबाहेर, सगळ्यांत वर, चेस्टनटच्या झाडीला लागून. त्याचा मुलगा रशियाच्या बर्फात लढायला गेलेला, वर्षभर त्याची खबर नव्हती. त्याचा कोट, त्याची विजार असुन्तानं पेटीतनं काढून नाईकाला दिली. नाईकाला अंगाबरोबर बसली. असुन्ता एकदा बघून बाहेर निघून गेली.

घरापुढं खळं होतं. तिथं बसलं की खालचं सगळं दिसायचं. चारी बाजूंनी डोंगर आणि मधी सपाट मैदान, परातीच्या बुडासारखं. कुठं टेकाड नाही, ओढा नाही. पट्टीनं आखल्यासारखे सरळ रस्ते, एकमेकांना काटकोनात कापणारे. बीट आणि बटाट्याची शेतं. त्या रस्त्यावरनं एक सायकलवाला निघाला तर तो पार दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मला दिसायचा. माझी नजर तेवढी तीक्ष्ण आहे. म्हाताऱ्याचं उलट, जवळचा साप दिसायचा, लांबचा डोंगर नाही.

"असली जमीन मी कुठं बघितली न्हाई," नाईक म्हणाला. "जणू कुणी नांगरून मग इस्त्री फिरवली."

म्हातारा म्हणाला, "ती जमीन नाही. तळं आहे. फुचिनो."

"पाणी कुठाय?"

"आटवलं." तो चेस्टनट सोलत होता. "रोमच्या बादशहाला, क्लाउदियोला, ह्या तळ्याची जमीन पाहिजे होती. तीस हजार माणसं लावली, अकरा वर्षं. तो पलीकडचा डोंगर आहे ना, त्याच्या पोटातनं बोगदा काढला. थोडं पाणी गेलं. मग बोगदा चोंदला, तळं परत भरलं. खरं आटवलं ते माझ्या लहानपणी. माझा बाप मासे मारायचा. एका उन्हाळ्यात त्याची होडी चिखलात बसली, ती बसलीच."

"आणि चिखल कुणाला मिळाला?"

"रोमच्या एका बड्या जमीनदाराला. माझा बाप त्याच्याच बिटात मजुरीला गेला."

नाईक हसला. "सिदू, विचार आबाला, त्या बादशहाच्या आधी कोण हुतं हितं?"

"आम्ही," म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला. "मार्सी. आमच्यात सापांची देवी होती, तळ्याच्या काठाला तिचं रान होतं. तिनं आम्हाला साप धरायला शिकवलं. रोम आमच्याशी लढलं, मग आम्हाला फौजेत घेतलं आणि पुढच्या रांगेत उभं केलं. आम्ही म्हणालो, मरायला पुढं तर मानाला पण पुढं. नाही म्हणाले. मग आम्ही रोमवरच उठलो."

मी हे नाईकाला सांगितलं तर तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "त्याला म्हणावं, आमाला काय सांगतोस आबा, आमी त्याच रांगेतनं आलोय."

ह्या दोघांचं असं चालायचं आणि मी मधी दुभाषी. मला कंटाळा यायचा. मला खाली जायचं होतं, दक्षिणेला आपल्या फौजा आल्यात असं कळलं होतं, तिकडं निघायचं होतं. बसून राहणं माझ्या अंगात नाही. पण नाईक म्हणायचा, थांब, खालची गस्त कमी होऊ दे. आणि परत म्हाताऱ्याशी सापाचं काढायचा. शिराळ्याला नागपंचमीच्या आधी रानं खणून नाग कसे धरतात, मडक्यात कसे ठेवतात, बाया भाऊ म्हणून त्यांना कशा ओवाळतात, आणि मग जिथनं आणला तिथंच कसं सोडून यायचं. म्हातारा डोलायचा. त्यांच्यातही मे महिन्यात एका संताच्या जत्रेला साप धरून आणतात, देवाच्या मूर्तीवर सोडतात, परत रानात नेऊन सोडतात. मारत कुणी नाही.

"बघ," नाईक मला म्हणायचा. "कुठला कोण म्हातारा, आणि आमच्या गल्लीतला वाटतोय."

एकदा म्हाताऱ्यानं त्या बादशहाची अजून एक गोष्ट सांगितली. बोगदा उघडायच्या आधी त्यानं जत्रा भरवली. मरणाची शिक्षा झालेले हजारो कैदी होड्यांत बसवले आणि तळ्याच्या मधोमध एकमेकांशी लढायला लावले. बघायला रोमपासनं लोक आले. ह्याच डोंगरांवर बसले होते, पायऱ्यांवर बसल्यासारखे.

"एवढ्या लांबनं काय दिसत असंल?" नाईकानं विचारलं.

"मला काय विचारतोस," म्हातारा म्हणाला. "मला हे पोर किती घाणेरडं आहे तेसुद्धा दिसत नाही."

असुन्ता हसली. मी चिडून उठून गेलो.

एके दिवशी म्हातारा गाढवावर चेस्टनट लादून डोंगरापलीकडच्या चक्कीवर गेला होता. सकाळ होती, ऊन पडलेलं. असुन्ता घरामागच्या लाकडाच्या ढिगातनं सरपण ओढत होती. ती किंचाळली. आम्ही धावलो तर तिनं कुदळ डोक्यावर उचललेली, आणि ढिगाच्या पायथ्याला एक साप. छोटा. हातभरसुद्धा नसेल. जाडजूड, करडा, अंगावर गडद डाग, शेपूट आखूड.

"ए बाई, मारू नगं!" नाईकानं कुदळीचा दांडा वरच्या वर धरला. "सिदू, सांग तिला, ही डुरक्या घोणस हाय. मांडुळासारखी. गरीब जात. पोरंसुद्धा खेळत्यात."

असुन्ता मानेनं नाही नाही करत होती. ती एकच शब्द परत परत म्हणत होती आणि तो शब्द मला येत नव्हता.

मी सापाकडं बघितलं. "नाईक, मान बघा तिची. डोकं रुंद हाय आणि मान बारीक. मांडुळाला मान नसती."

"आता तू मला साप शिकवणार?"

"नाक पण वर उचललंय बघा. हात नका घालू!"

"सिद्या, तुला शेळी कळती, तू शेळीचं बघ," असं म्हणत तो वाकला, तसाच, पोटाखाली हात सरकवायला.

साप नुसता झटकला. आवाजसुद्धा झाला नाही. नाईकानं हात मागं घेतला आणि अंगठ्याकडं बघत राहिला. साप लाकडांत शिरला.

"डुरक्या नव्हं," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "घोणस हाय. खरी."

मी त्याचा दंड करकचून बांधला, माझ्या विजारीच्या नाडीनं. असुन्ता द्राक्षाचा आंबट शिर्का आणि लसूण घेऊन आली, रडत रडत चोळायला लागली. थोड्या वेळात अंगठा वांग्यासारखा झाला. मग पंजा. मग मनगट दिसेना. नाईक दोनदा ओकला, घामानं निथळला. मी म्हणलं, मी तुम्हाला पाठीवर घेऊन खाली नेतो, शहरात डॉक्टर असणार.

"आणि डाक्टरला काय सांगणार? कुठनं आणलं?"

"काय पण सांगीन!"

"तू काय पण सांगशील, आणि संध्याकाळी हे घर पेटलेलं असंल." तो भिंतीला टेकून बसला होता. "सिदू, इकडं बस. घोणस चावलेली माणसं मी बघितल्यात. माझा चुलता त्यातच गेला. हात काळा हुतो, मग हिरड्यांतनं रगत येतं. रात निघत न्हाई."

"तुमचं असं हुणार न्हाई."

"ऐक. जिता माणूस लपवता येतो. मढं कुठं लपवणार? ह्या खडकात खड्डा हुणार न्हाई. जाळलं तर धूर साऱ्या तळ्याला दिसंल. म्हातारा आणि ही पोर, दोघं मढ्यापायी मरायची." त्यानं उठायचा प्रयत्न केला, मी धरला. "तवा पायात बळ हाय तोवर मी जातो. ओढ्याच्या अंगानं लांब उतरतो, पार पलीकडनं मैदानात निघतो. रस्त्यावर गाडी भेटंल. त्यांच्यात डाक्टर असला तर सुई तरी टोचतील. नसला तर जिथं पडीन तिथं पडीन, ह्या घराच्या नावानं न्हाई."

"मी येतो संगं."

"तू हितंच."

"मी न्हाई ऐकणार. मी लहान हाय काय?"

"हुकूम हाय, सिदू."

"कसला हुकूम? पलटण कुठं हाय हितं? कोण लागून गेला तू हुकूम देणारा?" मी पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं. त्यानं चांगल्या हातानं माझ्या कानाखाली वाजवली. जोर नव्हता त्यात. मला तेच सहन झालं नाही.

मग त्यानं असुन्ताच्या नवऱ्याचा कोट काढला. सुजलेला हात बाहीतनं निघेना. त्यानं मला बाही उसवायला लावली, फाडू नको, शिवणीवरनं उसव, असं दोनदा सांगितलं. विजार काढली. कॅम्पातला आमचा जुना डगला, पाठीवर कैद्याचं लाल ठिगळ लावलेला, मी चुलीत घालायला निघालो होतो तेव्हा त्यानंच ठेवायला लावला होता. तो त्यानं अंगावर घेतला. कोट-विजारीची एका हातानं घडी घातली आणि असुन्ताला दिली.

तोवर तिला वाटत होतं की त्याला कपडे काचतायत. घडी हातात आल्यावर तिला कळलं. ती दारात आडवी उभी राहिली. नाईकानं तिला नमस्कार केला, एका हाताचा, आणि बाजूनं निघून गेला.

मी खळ्यावर जाऊन बसलो. दगड घेतला, एका झाडावर मारला. दुसरा घेतला, तोही मारला. बराच वेळ खाली काही दिसलं नाही. मग पार डावीकडं, ओढा जिथं मैदानाला मिळतो तिथं, एक ठिपका निघाला. थोडा चालायचा, थांबायचा, बसायचा. परत उठायचा. रस्त्यावर आला आणि सरळ मधोमध चालायला लागला. चहूबाजूला बिटाची शेतं, त्याच्या उंचीचं दुसरं काही नाही.

गाढवाच्या खुरांचा आवाज आला. म्हातारा आला होता. असुन्ता धावत जाऊन त्याच्याशी एवढ्या जोरात बोलायला लागली की मला काही कळेना. म्हाताऱ्यानं तिला थांबवलं आणि माझ्याकडं आला.

"शेपूट आखूड? नाक वर?"

"हो."

"कुठं चावला?"

"अंगठ्याला."

"मग तो कुठाय? त्याला झोपवायला पाहिजे, हालचाल करायची नाही. मला तो साप तीनदा चावलाय. हात सुजतो, माणूस ओकतो, आठवडाभर पडून राहतो. लहान पोर मरतं कधी, म्हातारं मरतं. एवढा बैलासारखा माणूस मरत नाही. कुठाय तो?"

मी बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "कुठं?"

"खाली. तळ्यात."

त्याला कळायला वेळ लागला. मला आधीच कळलं होतं, आणि माझं डोकं फिरलं. मी त्याचा सदरा धरला. "तू आधी का नाही सांगितलंस? इथं असा साप असतो, असा दिसतो, एवढं सांगता आलं नाही?"

"त्याला?" म्हातारा म्हणाला. "तो साप हातावर घेऊन उभा होता. मला वाटलं, ह्याला काय शिकवायचं."

मी त्याला सोडलं आणि पळालो. दहा पावलं गेलो असेन. असुन्तानं मागनं माझ्या कमरेला मिठी मारली, दोघं पडलो. मी लाथा झाडल्या. म्हातारा आला आणि माझ्या पायांवर बसला. तिथनं रस्त्यावर पोचायला मला तास लागला असता, आणि मधलं सगळं उघडं. मी उतरताना जो कुणी बघेल तो मी कुठनं आलो तेही बघेल. हे मला कळत होतं. तरी मी ओरडलो, "नाईक! मरत न्हाई! ओ नाईक, मागं फिरा, मरत न्हाई तुमी!" असुन्तानं तोंडावर हात दाबला. मी चावलो. तिनं हात काढला नाही.

आवाज खालच्या झाडीपर्यंतसुद्धा गेला नसेल.

मग त्यांनी मला बसू दिलं, पण दोन्ही बाजूंनी धरून. मैदानाच्या त्या टोकाला धुरळा उठला.

"काय दिसतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गाडी आहे."

"त्याच्याच रस्त्यावर?"

"हो."

"तो काय करतोय?"

"उभा राहिलाय." उभा राहिला होता, खरंच. इतका वेळ बसत उठत होता, आता नीट उभा. असुन्ता पुटपुटत देवाचं काहीतरी म्हणत होती.

"गाडी थांबली?"

"थांबली. दोघं उतरले."

"बंदुका?"

"असतील. एवढं दिसत नाही."

"मारतायत?"

"नाही. उभेच आहेत. बोलत असतील."

"त्याला कुठं येतं बोलायला," म्हातारा म्हणाला. मला एकदम वाटलं, मी तिथं असतो तर मी बोललो असतो. मला सगळे शब्द येत होते. साप. हात. डॉक्टर.

"आता?"

"त्याला गाडीकडं नेलं."

मग धुरळा आला. तळ्याच्या बुडाची माती ती, पिठासारखी, गाडी वळली तशी सगळ्यांवर चढली. मी डोळे फाडून बघत होतो. धुरळा खाली बसला तेव्हा गाडी निम्म्या रस्त्यावर गेली होती आणि रस्ता मोकळा होता.

"गेली गाडी," मी म्हणलं.

"तो गाडीत आहे?"

"रस्त्यावर नाही."

म्हाताऱ्यानं माझा दंड दाबला. "बसवला का त्याला? का मागं टाकला, सामानासारखा? तुझी नजर चांगली आहे. बसलेला होता का?"

"बसलेला होता," मी म्हणलं.

"नक्की?"

"हो. ताठ बसलेला."

म्हाताऱ्यानं माझा दंड सोडला. असुन्ता उठली आणि गाढवावरचं पीठ उतरवायला गेली.

थंडी पडायच्या आत मी तिथनं निघालो आणि बर्फातनं आपल्या फौजांपर्यंत पोचलो. जर्मनांनी पकडून नेलेले आमच्यातले बरेच जण लढाई संपल्यावर परत आले. त्यांतल्या कुणी नाईक केरबा नलवडेला बघितला नव्हता. कुठल्याच कॅम्पात नाही, कुठल्याच दवाखान्यात नाही.

मी शिराळ्याला गेलो. त्याच्या बायकोनं ऊन पाणी दिलं, पाय धू म्हणाली, जेवायला वाढलं. साप चावला हे मी त्या गावात सांगू शकलो नाही. जर्मनांनी नेलं एवढंच सांगितलं. ती खाली बघत भाकरी मोडून माझ्या ताटात घालत होती. मग तिनं विचारलं, "भावजी, नेताना कसं नेलं त्यास्नी? वढत?"

"न्हाई वैनी," मी म्हणलं. "गाडीत बसवून नेलं. म्होरं. ताठ बसलं हुतं."